पेलं आणि पेललं

डॉ. कुसुम धोटे यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस सौंसरात सापडत नाही असं नाही, पण त्याला आधी ताप यावा लागतो. अंगात एकशे तीन असलं की बाई देव, आणि ताप उतरला की लगेच, ‘डाक्टरीन लय खेकसते बावा.’ तीस वर्षं हेच चाललंय. गावानं बोलणं सोडलं नाही आणि बाईंनी खेकसणं सोडलं नाही, तेव्हा या बाबतीत दोघांचीही फिट्टमफाट आहे.

बस स्टँडच्या मागे दोन खोल्यांचा दवाखाना. पेशंट आत आला की कुसुमबाई ‘काय होतंय’ असं विचारत नाहीत. विचारतात, ‘काल काय काम केलं?’ एखादा म्हणाला, ‘कामाचं जाऊ द्या मॅडम, डोकं दुखून राहिलं,’ तर म्हणतात, ‘डोक्याचं मी पाहतो, तू कामाचं सांग.’ मग एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड पुढे ओढतात. त्यावर मधोमध एक रेघ असते. रेघेच्या वर पेशंटचे शब्द, तो बोलला तसेच, त्याच्या बोलीत. खाली डॉक्टरचे शब्द, इंग्रजीत. एखाद्यानं ‘पोटात गुरगुर करते’ म्हटलं तर वर ‘गुरगुर’च लिहायचं, त्याचं शुद्ध मराठी करायचं नाही. नागपूर-जबलपूरकडून महिनाभराच्या मुक्कामाला येणाऱ्या शिकाऊ डॉक्टर पोरापोरींना त्या पहिल्याच दिवशी सांगतात, ‘वरचा मजला त्यायचा, खालचा आपला. वरच्या मजल्यावर आपलं सामान ठेवाचं नाही.’ ज्यानं ठेवलं, त्याची त्या दिवशी पेशंटांसमोरच बिनपाण्यानं होते. नर्सिंगच्या शाळेत शनिवारी शिकवायला जातात, तिथेही हेच. पोरी त्यांना मागे ‘रेघवाल्या मॅडम’ म्हणतात.

बाई मूळच्या लोधीखेड्याच्या. घरी संत्र्याची बाग, कापूस, गडीमाणसं. शिकल्या जबलपूरला, हिंदीत उठून हिंदीत झोपायच्या, आणि परत आल्या तेव्हा सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की ही आता नागपूरला पाटी लावणार. त्यांनी सौंसरात लावली. का, तर सगळ्यांनी नागपूर धरून ठेवलं होतं म्हणून. चुलतभाऊ यशवंतराव, वयानं दहा वर्षांनी मोठे आणि तालुक्यात वजन असलेले, त्यांनी आपल्याच चाळीतल्या दोन खोल्या दिल्या आणि उद्घाटनाचा नारळ स्वतः फोडला. त्या नारळाचा त्यांना पुढे जन्मभर पश्चात्ताप झाला.

त्याला कारण कार्डंच. दर पावसाळ्याच्या शेवटी, कपाशीवर आणि बागांत फवारणी सुरू झाली की दवाखान्यात माणसं यायची. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, हात थरथरताहेत, घामानं निथळताहेत. सरकारी कागदावर, इकडे तो हिंदीत असतो, या सगळ्यांचा एकच निकाल लागायचा: दवा पी ली. आपल्याकडे खोकल्याचं तेही औषध आणि पंपातलं विष तेही औषध. ‘औषध घेतलं’ म्हटलं की गाव कपाळाला हात लावतं आणि घरात भांडण कोणाशी झालं ते शोधायला लागतं. कुसुमबाईंनी मात्र ‘काल काय काम केलं’ विचारायला सुरुवात केली आणि नऊ वर्षांत चारशे बारा कार्डं भरली. त्या चारशे बारांतल्या कोणीही काही प्यालेलं नव्हतं. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा भिजत होता आणि विष कातडीतून आत जात होतं. त्यांनी ते लिहून एका वैद्यकीय मासिकाला पाठवलं, मासिकानं दोन वर्षं घासाघीस करून छापलं, आणि मग नागपूरच्या कुठल्याशा पेपरनं त्याची बातमी केली.

बातमीत संत्र्याच्या फळाबद्दल अवाक्षर नव्हतं. पण बातमी वाचतो कोण? सौंसरभर झालं की डाक्टरीन म्हणते आपली संत्री विषारी हायेत. दवाखान्याच्या पाटीवर कोणी शेण फेकलं. माहेरच्या दोन लग्नांच्या पत्रिका पोस्टानं आल्या, म्हणजे येऊ नका. ज्या भावांना त्यांनी लहानपणी कडेवर फिरवलं ते रस्त्यात भेटले की मोबाईल पाहायला लागले. बाईंनी कोणाची समजूत काढली नाही. उलट ज्या पुढाऱ्याचा पाय मधुमेहानं सडायला आला होता त्याला भर दवाखान्यात विचारलं, ‘मलमपट्टी विषारी बाईच्या हातची चालंन ना?’ त्याला चालली. चालणारच होती.

शेवटी जिल्ह्यानं तीन जणांची चौकशी समिती नेमली. फवारणी करताना झालेली विषबाधा ही कामावरची दुखापत मानायची की नाही, हे ती ठरवणार होती. मजुरांच्या बाजूनं पुरावा एकच, बाईंची कार्डं. बागायतदारांच्या बाजूनं यशवंतराव आणि त्यांचा वकील. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे लोक पितात आणि नाव बागेचं घेतात.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना कुसुमबाई कार्डं लावत बसल्या होत्या. सोबत सुप्रिया होती, त्या महिन्याची शिकाऊ डॉक्टर. मोहगावची पोरगी, बाप दुसऱ्यांच्या बागांत पंप मारतो, आणि त्या बापाचंही कार्ड त्या चारशे बारांत होतं. बाईंनी फवारणीची कार्डं एका गठ्ठ्यात ठेवली आणि खरोखर विष प्यालेल्यांची एकोणीस जुनी कार्डं दुसऱ्या. दोन्हींत फरक कसा ओळखावा हे समितीला दाखवायचं होतं. त्या एकोणिसांत एक कार्ड त्यांचं फार आवडतं होतं. दरवर्षी नव्या पोरांना शिकवायला तेच काढायच्या.

‘वाच,’ त्या म्हणाल्या. ‘हिरामण. सप्टेंबर, तेरा वर्षांपूर्वीचं.’

सुप्रियानं वाचलं. रेघेच्या वर लिहिलं होतं: ‘औषध पेलं. नाही. नाही.’

‘पाहिलं? पिणारा माणूस पहिले कबूल करते अन् मग घाबरून नाही म्हणते. आपण त्याचं पहिलं वाक्य धराचं. नंतरचं नाही सोडून द्याचं.’

सुप्रियानं कार्ड पुन्हा वाचलं, ओठ हलवत, न थांबता. मग म्हणाली, ‘मॅडम, याच्या तोंडाले फेस होता?’

‘होता. जीभ जड झालती. मोठ्या मुश्किलीनं बोलला.’

‘मग हे एकच वाक्य असन तर? “औषध पेललं नाही” असं?’

कुसुमबाईंनी चष्मा काढला. सुप्रिया घाईघाईनं सांगू लागली, ‘माह्ये बाबा पंप मारून आले का हेच म्हनते. आज औषध पेललं नाई. मतलब अंगाले सहन नाई झालं. अन् पिनाऱ्याले आमच्या इकडं पेलं नाई म्हनत मॅडम, घेतलं म्हनते. पानी पेलं, चहा पेला. औषध घेतलं.’

‘तू मले मराठी शिकवून राहिली?’

‘नाई मॅडम, मी फक्त...’

‘तुह्या जन्माच्या आधीपासून मी या गावात नाड्या पाहून राहिली. ठेव ते कार्ड. अन् जाय, उद्या ये.’

पोरगी गेली. बाईंचा राग मात्र गेला नाही, आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की हा राग खोटं ऐकल्याचा नाही. ‘औषध पेललं नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, कारण लोधीखेड्याच्या धोट्यांच्या घरी औषध मारणारे कधीच नव्हते, मारून घेणारे होते. थकून आलेला गडी हे वाक्य मालकाच्या ओसरीवर बोलत नाही, ते तो घरी जाऊन बायकोजवळ बोलतो. पेलं आणि पेललं यांत एका ‘ल’चं अंतर, आणि ते अंतर ऐकायला जो कान लागतो तो त्यांच्याकडे नव्हता. वरच्या मजल्यावर सामान ठेवू नका म्हणून जगाला दरडावणाऱ्या बाईनं तिथे आपल्या हातानं एक पूर्णविराम ठेवला होता.

मग त्यांनी रेघेच्या खाली पाहिलं, आणि तिथे त्याहून वाईट होतं. नळी घालून पोट धुतलं. इंजेक्शनं दिली. नागपूरला पाठवलं. बस. कपडे काढून अंग धुतल्याची नोंद नव्हती, कारण धुतलंच नव्हतं. प्यालेल्या माणसाचं पोट धुतात. अंगावर औषध सांडलेल्या माणसाचे आधी कपडे काढतात, नाहीतर डॉक्टर वरून इंजेक्शन देत राहतो आणि सदरा आत विष देत राहतो. आज हे त्या पोरांकडून घोकून घेतात. तेव्हा त्यांनी काय केलं होतं? हिरामण थंडीनं कुडकुडतोय असं वाटून ओल्या सदऱ्यावरून घोंगडी पांघरली होती, चांगली घट्ट. तो नागपूरच्या वाटेवरच गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून त्या मोहगावला तुळशीरामकडे गेल्या. हिरामणच्या जोडीनं पंप मारणारा तोच. आता म्हातारा झालाय, हात कापतात. त्यानं बाईंना बसा म्हटलं नाही.

‘हिरामण त्या दिवशी काय करत होता?’

‘आता आठवलं का तुम्हाले?’

‘हाव. आता आठवलं. सांग.’

‘पंप गळून राहिलता त्याचा. पाठ भिजली. दुपारपासून म्हने, तुळश्या, आज पेलून नाई राहिलं. मालक म्हने एवढी ओळ होऊ दे. ओळ झाली अन् हा पडला.’

‘मग तेव्हा मला काहून नाही सांगितलं?’

तुळशीराम हसला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. ‘तुम्ही कोणाले विचारलं? जीप मालकाची, मालक तुमचा भाऊ. तो उतरल्याबरोबर म्हनला, घरी भांडण झालं अन् यानं औषध पेलं. तुम्ही मान हालवली. मी खाली उभाच होतो ना.’

हे खरं होतं. कामाचं विचारायची सवय बाईंना लागली ती त्याच्या दोन वर्षांनंतर. आणि ‘पेलं’ हा शब्द त्यांच्या कानात आधीच टाकला गेला होता, हिरामणनं तोंड उघडण्याच्या आधी, यशवंतदादाच्या आवाजात.

सौंसरात बातमीला पाय लागत नाहीत, ती उडते. यशवंतराव दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर. पेशंटांच्या बाकावर बसायची त्यांना सवय नाही, ते बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसले.

‘तुळश्याकडं गेल्ती म्हने.’

‘गेल्ती. दादा, तू मले खोटं काहून सांगितलं?’

‘मी सांगतलं म्हून तू लिहिलं?’ यशवंतराव शांतपणे म्हणाले. ‘डॉक्टर कोन होतं त्या खोलीत? मी का तू?’

यशवंतराव पुढे वाकले. ‘पाय कुसुम, तू माही बहीण, म्हून सांगून राहिलो. ते कार्ड फाड. तुह्या भल्यासाठी सांगतो, माह्या नाई. तू समितीपुढं म्हनशीन का एक कार्ड चुकलं, तर वकील विचारन, बाकीचे चारशे कशावरून बरोबर? मग तुह्या त्या मजुरायचं काय होईन? एका मेलेल्यासाठी चारशे जित्यायले बुडवते का?’

माणूस हलकट असला म्हणजे त्याचं बोलणं चुकीचं असतंच असं नाही, आणि हा फार मोठा त्रास आहे. यशवंतराव गेल्यावर कुसुमबाईंनी ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांना त्यात खोट सापडली नाही. कार्ड गप्प राहिलं तर चारशे बारांना न्याय मिळायची शक्यता होती. त्यांच्या संशोधनाची, तीस वर्षांच्या नावाचीही लाज राहत होती. आणि हिरामण? त्याला आता काय फरक पडतो, असं त्यांच्या मनात आलं. आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन दिवस त्या हेच चघळत राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटांवर नेहमीपेक्षा दुप्पट ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी शांताबाई आली. हिरामणची बायको.

ती दर महिन्याला येते. झोप लागत नाही. नवरा गेल्यावर मोहगावच्या सासरच्यांनी तिला चार महिनेही ठेवलं नाही. धडधाकट माणूस भांडणापायी औषध पितो म्हणजे भांडणारी कशी असेल, असा हिशोब. गावात ती पाण्याला गेली तरी बायका बाजूला सरायच्या. मग सौंसरात येऊन तिनं खोली केली, शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बाईंकडे तिचंही कार्ड आहे, जाडजूड, एकाला एक शिवलेलं. कुसुमबाईंनी ते उघडलं. वरच्या मजल्यावर दर महिन्याला एकच: ‘झोप नाही.’ खालच्या मजल्यावर त्यांच्याच अक्षरात, इंग्रजीत: नवऱ्याची आत्महत्या, अपराधी भावना. पुढच्या महिन्यात तेच. तेरा वर्षं तेच. आणि दर वेळी त्यांनी विचारलेलं, मायेनं म्हणा किंवा डॉक्टरी म्हणून म्हणा: त्या दिवशी भांडण कशावरून झालं होतं?

‘भांडण नव्हतं मॅडम,’ शांताबाई सुरुवातीला सांगायची. ‘सकाळी डबा घेऊन हासत गेला.’ पुढे पुढे तिनं ते सांगणं सोडलं. गेली काही वर्षं म्हणायची, ‘झालं असन काही. मले आठवत नाई.’

त्या दिवशीही ती समोर बसली आणि हात पुढे केला. कुसुमबाईंनी नाडी धरली. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, ‘पुढच्या महिन्यात ये.’ शांताबाई गेली. दुनियेला फाडून खाणारी ही बाई त्या दिवशी एका खिचडी शिजवणारीला घाबरली, आणि स्वतःची तिला इतकी किळस आली की दुपारचा डबा तसाच परत गेला.

सुनावणी पांढुर्ण्याला भर दुपारी झाली. सभागृहात पुढच्या खुर्च्या बागायतदारांनी सकाळपासून धरल्या होत्या. बाई आत आल्या तेव्हा मागून कोणी तरी खोकलं, मग दहा जण खोकले, मग सगळेच हसले. समितीचे अध्यक्ष बाहेरचे, हिंदी बोलणारे, मराठी त्यांना जेमतेम कळायची. सुप्रिया गठ्ठे घेऊन शेजारी बसली होती. तिचा बाप मागे भिंतीला टेकून उभा होता.

वकिलानं काही विचारायच्या आत कुसुमबाई उभ्या राहिल्या. कार्डांबद्दल बोलण्याआधी एक कार्ड चुकलंय ते सांगते, म्हणाल्या. मग त्यांनी हिरामणचं नाव घेतलं, त्याचे शब्द सांगितले, आपण काय ऐकलं ते सांगितलं, ओला सदरा सांगितला आणि वरून पांघरलेली घोंगडीही सांगितली. आवाज नेहमीसारखाच, खेकसल्यासारखा. यशवंतराव त्यांच्याकडे न पाहता छताच्या पंख्याकडे पाहत होते.

वकिलाच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. ‘मैडम, ये पेलं और पेललं में फ़र्क क्या है? ज़रा अध्यक्ष महोदय को हिंदी में बताइए.’

‘एक म्हणजे पी लिया. दुसरं म्हणजे सहा नहीं गया.’

‘यानी आप तीस साल से डॉक्टर हैं, यहीं की हैं, और मरीज ने पिया या सहा, ये आपको सुनाई नहीं दिया.’

‘नहीं दिया.’

‘तो बाकी चार सौ में क्या-क्या सुनाई नहीं दिया होगा?’

पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी टेबल ठोकलं. कुसुमबाई ओरडून सांगत राहिल्या की ही चूक सापडली म्हणून तर पुढे काम विचारायला लागले, बाकीच्या कार्डांवर प्रत्येकाचं काम लिहिलंय, जोडीदाराचा जबाब लिहिलाय, सदऱ्याची अवस्था लिहिलीय. ते अर्धं खरं होतं. चूक त्यांना आठ दिवसांपूर्वीच सापडली होती, आणि बोलता बोलता ते त्यांनाही कळलं, मग त्या मध्येच थांबल्या. कारकुनानं या सगळ्याचं एका ओळीत हिंदी केलं: चिकित्सक ने अपने अभिलेखों में त्रुटि स्वीकार की.

तासाभरात निकाल तोंडी सांगण्यात आला. अभिलेख विश्वसनीय नाहीत, पुरावा म्हणून धरता येणार नाहीत. मात्र हिरामणच्या बाबतीत डॉक्टरनं स्वतः चूक कबूल केल्यामुळे त्याचा मृत्यू आत्महत्या नसून कामावर झालेली विषबाधा आहे, अशी दुरुस्ती व्हावी. म्हणजे चारशे बारा बरोबर कार्डं चूक ठरली आणि जे एक चुकलं होतं तेवढं बरोबर ठरलं. असा न्याय करायला तीन माणसं लागतात, एकट्यादुकट्याचं काम नाही.

बाहेर यशवंतराव जीपजवळ उभे होते. ‘पहिल्या तारखेपर्यंत खोल्या खाली कर,’ एवढंच म्हणाले. बाईंनी ‘बरं’ म्हटलं.

सुप्रिया गठ्ठे छातीशी धरून आली. तिचे डोळे लाल होते. ‘मॅडम, मी ते विचाराले नाई पायजे होतं.’

‘विचाराले पाहिजे होतं.’

‘माह्या बाबाचं कार्ड बी गेलं त्याच्यात.’

‘माहीत आहे मले.’

‘तुम्हाले काय माहीत मॅडम,’ सुप्रिया म्हणाली. मागे बाप उभा होता म्हणून ती हळू बोलली, पण बोलली. ‘तुमच्या घरचं कोनी उद्या पंप उचलनार नाई. माह्या घरचा उचलनार हाय.’ तिनं गठ्ठे बाईंच्या गाडीच्या मागच्या सीटवर नीट रचून ठेवले आणि बापासोबत बस धरायला निघून गेली. बाईंना त्या पोरीचा राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थ्याच्या उद्धट बोलण्याचा राग आला नाही.

गाडी घेऊन त्या थेट सौंसरला शांताबाईच्या खोलीवर गेल्या. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला कळू नये, निदान एवढी तरी लाज राखायची होती. शाळा सुटून शांताबाई नुकतीच आली होती, दारात बसून मोठं पातेलं घासत होती. डॉक्टरीन आपल्या दारात आलेली पाहून ती उठून उभी राहिली आणि राखेचे हात पदराला पुसले.

कुसुमबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तो प्याला नव्हता. अंगावर सांडलं होतं. त्यानं सांगितलं ते मी चुकीचं ऐकलं. त्याचा सदरा काढायला हवा होता, तो मी काढला नाही. काढला असता तर वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही, पण काढला नाही हे खरं. आता कागद दुरुस्त होईल. तुझ्यावर जो डाग होता तो निघेल.

शांताबाई ऐकत होती. डागाचं बोलणं तिच्या कानाआड गेलं असावं, कारण तिनं भलतंच विचारलं.

‘म्हंजे तो मले सोडून गेला नाई?’

‘नाही.’

शांताबाईनं पायानं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘मॅडम, तेरा वर्सं मी त्याच्याशी बोलत नाई. घरात फोटू हाय त्याचा. रोज पुसतो, फूल ठेवतो, पन बोलत नाई. मी म्हटलं, मले न सांगता गेला ना, आता मी बी नाई बोलत. झोप नाई ते त्याच्यानं हाय. पड्याले गेली का तो तिथून पायते. मी पाठ फिरवतो.’

कुसुमबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून हात उचलला.

‘हात नका लावू मले,’ शांताबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘तुमच्या गोळ्या बी नको आता. जा तुम्ही.’

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. पातेलं बाहेरच राहिलं. कुसुमबाई पायरीवर काढलेल्या चपला घालायला वाकल्या, तेव्हा आतून आवाज आला. आधी काही कळलं नाही. मग कळलं की शांताबाई भांडतेय. तेरा वर्षांचं भांडण, एका दमात.

‘...अन् तू बी असा कसा रे. मरतानी कोनाले तरी सांगाचं होतं ना. एका शब्दानं सांगाचं होतं का मी पेलो नाई म्हून.’

सांगितलं होतं त्यानं. जीभ उचलत नव्हती तरी सांगितलं होतं. दाराबाहेर चपला घालत असलेल्या बाईलाच सांगितलं होतं.